अढीवरची खुडूक

परसबागेवरच्या पुस्तिकांमध्ये एक गोल चित्र हमखास असतं. वर कोंबडी, उजवीकडे भाजीचा वाफा, खाली हसरी गृहिणी, डावीकडे देठं-सालांनी भरलेली टोपली आणि या सगळ्यांना जोडणारे जाड बाण. कोंबडी खत देते, खतावर भाजी येते, भाजी गृहिणी निवडते, निवडलेला कचरा कोंबडीकडे जातो, की कोंबडी पुन्हा खत द्यायला मोकळी. कोपऱ्यात एक कुत्रा शेपूट वर करून उभा असतो. त्याला मात्र बाण नसतो. म्हणजे चित्रकार निदान कुत्र्याच्या बाबतीत तरी प्रामाणिक होता.

या चित्राबद्दल माझी तक्रार एवढीच, की त्यातली कोंबडी एका जागी उभी आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात आहे. तालुक्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ असल्यामुळे इथे सल्ल्याचा दुष्काळ कधी पडत नाही, पाण्याचा पडतो. भात निघालं, की घरामागच्या परड्यात उन्हाळी भाजी करायची, तिला बावेचं पाणी शिंपायचं आणि मे महिन्यात मुंबईहून उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या ताटात ती वाढायची, हा इथला जुना शिरस्ता. लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, भेंडी आणि मांडवावर कारली, दोडकी, पडवळ. हे खातं पत्नीकडे आहे. निवृत्त होऊन गावी आल्यावर कोंबड्यांचं खातं मी मागून घेतलं. मोती नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर हे दोघं बिनखात्याचे मंत्री आहेत. बैठकीला हजर असतात, भत्ता घेतात.

कोंबड्या घ्यायला गेलं, की माणूस आधी नावांनीच दबून जातो. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज, झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. एवढ्या थोर नावांच्या मंडळींना भाताचा कोंडा कसा घालायचा, असा संकोच वाटतो. मी वनराजाची एक जोडी आणली. त्यातला कोंबडा बेडकाला घाबरतो. बाकीच्या कोंबड्या शेजारच्या आजींकडून घेतलेल्या गावठी. गावठीला थोर नाव नाही आणि मानांकनही नाही. ती गडग्यावर उडून बसते, संधी मिळाली तर आंब्यावर झोपते आणि अंडं कुठे घातलं हे गुपित शेवटपर्यंत फोडत नाही.

या गावठ्यांचे पाय पिवळे आहेत, आणि त्या पिवळेपणाला इतिहास आहे. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, हे सर्वांना ठाऊक असतं. पण पायांचा आणि कातडीचा हा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानात आरवतो तोच. म्हणजे जगात कुठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्या आजोळचा एक धागा आमच्या बाजूच्या डोंगरात येऊन पोचतो. हे वाचल्यापासून परड्यातली त्यांची चाल मला नीट समजू लागली. सातबारा आमच्या नावावर असला, तरी त्यांच्या हिशेबी आम्ही कुळं आहोत.

आता वाफ्याकडे वळू. भाजीचा वाफा करताना माती खणायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, हाताने माती भुसभुशीत करायची. कोंबडीला पिसांतल्या उवा-गोचिड्या झाडायला जी धूळ लागते ती नेमकी अशीच लागते: कोरडी, बारीक, खड्यांवाचूनची. तेव्हा पत्नी कमरेत वाकून दिवसभर जे करत होती ते कोंबड्यांच्या समजुतीप्रमाणे न्हाणीघराचं बांधकाम होतं. मुळ्याचं बी पेरून ती हातपाय धुवायला गेली आणि परत आली तेव्हा वाफ्यात चार खड्डे होते, चार खड्ड्यांत चार कोंबड्या होत्या आणि चौघींचे डोळे समाधानाने अर्धे मिटलेले होते. मुळ्याचं बी त्यांनी अंगावर घेतलं आणि मग झटकताना सगळीकडे समान वाटून टाकलं. त्या वर्षी आमच्याकडे मुळा वाफा सोडून सर्वत्र आला.

उन्हं चढली की दुसरा अंक. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास, त्यात एप्रिलचा उकाडा. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरून उभं राहणं एवढाच तिच्याकडे उपाय. अशा जिवाला वांग्याच्या बुंध्याशी नुकतंच शिंपलेलं, ओलं, सावलीतलं आळं दिसलं तर तिने काय करावं? ती त्यात बसते. बसण्यापूर्वी वरची गरम माती पायाने बाजूला सारते, आणि त्या मातीबरोबर वांग्याची मुळं उघडी पडतात. हे सगळं शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे, असं मी पत्नीला समजावून सांगितलं. शास्त्रीयदृष्ट्या योग्य असलेलं ऐकून घ्यायची ती वेळ नव्हती.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "ओ भाऊ, झाडांवर तिखट भुरकवा. कोण तोंड लावणार नाही." आम्ही चांगलं लवंगी मिरचीचं तिखट माठाच्या पानांवर भुरभुरवलं. मोती वास घ्यायला गेला आणि शिंकत शिंकत पडवीत आला. मनी पंजे चाटून दुपारभर माझ्याकडे संशयाने पाहत राहिली. मी संध्याकाळी माठ काढताना चुकून डोळे चोळले. कोंबड्यांनी मात्र तो माठ शांतपणे फस्त केला आणि जमिनीवर सांडलेलं तिखटही टिपून घेतलं. कारण मिरचीतला तो जाळ पक्ष्यांना लागतच नाही. त्यांच्या शरीरात तो ओळखणारी सोयच वेगळी आहे. सस्तन प्राणी दाढांनी मिरचीचं बी चिरडतात, पक्षी ते अख्खं गिळून दूर कुठेतरी टाकून देतात; म्हणून मिरचीने पहिल्यांना हाकलायचं आणि दुसऱ्यांना बोलवायचं धोरण ठेवलं, असं अॅरिझोनातल्या रानमिरच्यांवर काम करणाऱ्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. म्हणजे आमच्या परड्यात मिरचीचे खरे शत्रू मी, माझी पत्नी, कुत्रा आणि मांजर. कोंबड्या तिच्या माहेरच्या.

कोंबड्या कीड खातात, असं पुस्तिकेत आहे. खातात, पण निवडून. वाळवीचं ढेकूळ फोडून पिल्लांपुढे टाकलं तर बघायला मजा येते. भेंडीत शिरलेली अळी मात्र त्यांना दिसत नाही. ती काढायची तर भेंडी आधी खावी लागते, आणि भेंडी खाल्ल्यावर पोट भरतं. गांडूळ, ज्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात, तो त्यांचाही जिवलग असल्यामुळे एकही शिल्लक राहत नाही.

आणि खताचा तो सुप्रसिद्ध बाण! पुस्तिकेत तो कोंबडीच्या शेपटाखालून निघतो आणि थेट वाफ्यात जातो. आमच्याकडे तो पडवीतल्या झोपाळ्यावरून, माझ्या स्कूटरच्या सीटवरून आणि दाराशी वाळत घातलेल्या कोकमांच्या अगदी काठावरून जातो. शिवाय ताजं कोंबडीखत नत्राने इतकं जहाल असतं, की तसंच घातलं तर मुळं करपतात. ते काही महिने कुजवावं लागतं. आता ते महिने चित्रातल्या बाणावर कसे दाखवणार, ही चित्रकाराची अडचण मला समजते.

कुंपण घालायचं ठरलं, तेव्हा कुंपणात कोणाला ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. पत्नीचा कौल कोंबड्यांना होता. तिच्या आवाजातला चढ पाहता मलाही आत घ्यायला तिची हरकत नसावी. शेवटी भाजीलाच कुंपण घालायचं ठरलं आणि हर्णै बंदरातून मासेमारीची जुनी जाळी आणली. जाळी स्वस्त असते, मजबूत असते, आणि कितीही धुतली तरी आपला पूर्वेतिहास विसरत नाही. वाडीतली झाडून सगळी मांजरं त्या वासावर आमच्याकडे आली. मनीने यजमानपण निभावलं. रात्रभर जाळीभोवती बोलणी चालत, आणि पहाटे ही पाहुणेमंडळी लाल माठाच्या मऊ वाफ्यात झोपत. माती उकरून त्यांनी आणखी काय काय केलं ते सांगत नाही. कोंबड्या जाळीच्या बाहेर रांगेने उभ्या राहून हे सारं बघत. त्यांतल्या काळ्या गावठीने एक दिवस उलट्या डालग्यावर चढून आत उडी मारली. बाहेर यायला आत डालगं नव्हतं. ती दिवसभर आतच राहिली. एवढ्या पैशांत आम्ही एका कोंबडीची भाजीत राहायची-जेवायची बंदोबस्ताने सोय केली होती.

मोतीविषयी न लिहिणं अन्यायाचं होईल. त्याची नेमणूक राखणीसाठी झाली होती. रुजू झाल्याच्या दिवशीच वनराजाच्या कोंबडीने त्याच्या नाकावर एक चोच मारली आणि त्याचं स्थान ठरून गेलं. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरूप-एबे यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं. त्यांना कोंबड्यांचा नाद लहानपणापासून होता, आणि त्यांच्या निरीक्षणातून निघालेली ही कल्पना पुढे माणसांच्या कचेऱ्यांनाही लागू पडली. आमच्या उतरंडीत मोती शेवटून दुसरा आहे. शेवटचा कोण, हे मी दाणे टाकायला जातो तेव्हा माझ्या पायाच्या अंगठ्यावर चोच बसली की सर्वांना कळतं.

मोतीने मात्र मिळालेल्या पदाशी जुळवून घेतलं, एवढंच नव्हे तर भाषाही शिकून घेतली. कोंबड्याचे धोक्याचे इशारे दोन तऱ्हेचे असतात: आकाशातल्या शत्रूसाठी एक लांब, बारीक आवाज आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी तुटक कटकटाट. मुंगूस गडग्यात दिसलं, की कोंबडा कटकटतो आणि मोती त्या दिशेला भुंकत सुटतो. इथपर्यंत नोकरी चोख. पण घार घिरट्या घालू लागली आणि कोंबड्याने तो बारीक सूर काढला, की सगळ्या कोंबड्या पडवीखाली पळतात आणि त्यांच्याआधी मोती पळालेला असतो. घारीने कुत्रा उचलून नेल्याचं ऐकिवात नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

आता अढीकडे येतो. आमच्या जुन्या घराला एक काळोखी, एका झरोक्याची बाळंतिणीची खोली आहे. घरात आता बाळंतपणं होत नाहीत, म्हणून मे महिन्यात तिथे हापूसची अढी घालतात. खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. खोली ऊबदार असते आणि तिथे मुद्दाम कोणी जात-येत नाही. काळ्या गावठीने ही जागा कधी हेरली ते कळलं नाही. आम्ही आपले तिची अंडी गवताच्या गंजीत, लाकडाच्या माचीत, जुन्या टायरमध्ये शोधत होतो. आंबे बघायला पत्नीने पेंढा बाजूला केला तेव्हा आतून गुरगुर आली. काळी अढीवर बसली होती. अंगावरची सगळी पिसं फुगवलेली, डोळे एका जागी स्थिर, आणि पोटाखाली चार अंडी नि सात हापूस.

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिला दुनिया दिसत नाही. हा सगळा प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा खेळ असतो. अंड्यांच्या मोठ्या व्यवसायातल्या जातींमधून माणसाने निवड करकरून हा गुण जवळजवळ घालवला, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते आणि उबवायला यंत्रं आहेतच. गावठीत मात्र तो शाबूत आहे. त्यावरचे गावठी उपायही शाबूत आहेत: गार पाण्यात बुचकळा, डालग्याखाली कोंडा, नाकात पीस अडकवा. आजींना विचारायला गेलो, तर त्यांनी आधी जागा कोणती ते विचारलं.

"बाळंतिणीच्या खोलीत बसलीय? मग तिचं काय चुकलं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. काळीला बसू दिलं. एकवीस दिवसांचा प्रश्न होता. पण हापूस आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि तोवर पाहुणे यायला लागले होते. मग रोज सकाळी आमची मोहीम निघे. पत्नी पुढून तांदळाचे दाणे दाखवी आणि मी मागच्या बाजूने हात घालून वासावरून आंबा ओढी. एकदा आंबा समजून अंडं ओढलं, त्याची शिक्षा मनगटावर बरेच दिवस होती. मनीची दुपारची झोप पूर्वी अढीवर होत असे. ती एकदाच दारापर्यंत आली, आतला आवाज ऐकला आणि ताठ शेपटीने मागे फिरून पोफळीवर चढली. मांजराला पोफळ उतरता येत नाही. गड्याला बोलवावं लागलं.

एक गोष्ट मात्र काळीच्या बाजूने सांगायला हवी. कोंबडी पोटाखालची अंडी दिवसातून अनेकदा उलटवते, म्हणजे ऊब सगळीकडून सारखी लागते. काळीने अंडी आणि आंबे असा भेदभाव केला नाही. तिच्या पोटाखालचे आंबे दोन्ही गालांनी सारखे पिवळे झाले, एकाला डाग नाही. "यंदा अढी कशी घातलीत?" असं डोंबिवलीच्या भाच्याने दोन-दोनदा विचारलं. पत्नीने "पेंढा चांगला होता" एवढंच सांगितलं. पिल्लं निघाली तीन. पेंढ्यातून आंब्याच्या बरोबरीने पिवळी डोकी वर आली, तेव्हा भाच्याच्या धाकट्या मुलीने एक चेपून पाहिलं. ते ओरडलं, ती त्याहून मोठ्याने ओरडली.

चाकरमानी गावी शांततेसाठी येतात. आमचा कोंबडा रात्री तीनलाच आरवतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून दाखवून दिलं, की झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही. त्याचं घड्याळ त्याच्या पोटात असतं. याच मंडळींना पुढे असंही आढळलं, की चार कोंबडे असतील तर पहिली बांग वरिष्ठाची; बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. आमच्याकडे एकच कोंबडा, त्यामुळे वरिष्ठाचा मान आणि कनिष्ठाचा उत्साह दोन्ही त्याच्याच अंगी. भाचा पहिल्या पहाटे दचकून उठला आणि लोकल पकडायची म्हणून पँट चढवू लागला. त्याच सकाळी चहा पिता पिता त्याने कोंबड्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हा किती किलोचा असेल?"

गावठी कोंबडा, वडे आणि सोलकढी हा विषय कोकणात टाळता येत नाही. मीही टाळला नसता. पण तोपर्यंत भाच्याच्या मुलींनी कोंबड्याचं नाव राजकुमार ठेवलं होतं, त्याच्या गळ्यात अबोलीची माळ घातली होती आणि त्याचं लग्न कोणाशी लावायचं यावरून दोघींत अबोला होता. शेवटी मी दापोलीच्या बाजारात जाऊन ब्रॉयलर आणली. घरात अर्धा डझन कोंबड्या असताना मागील दाराने, काळ्या पिशवीतून, इकडेतिकडे बघत. कोंबडी-वडे उत्तम झाले. "गावच्या कोंबडीची चवच वेगळी," असं भाचा म्हणाला. उरलेले वडे सकाळी राजकुमारने खाल्ले.

पाहुणे निघाले तेव्हा हापूसच्या पाच-पाच डझनांच्या तीन पेट्या आम्ही बांधून दिल्या. पेंढा भरलेल्या उघड्या पेट्या आदल्या रात्री त्याच खोलीत ठेवल्या होत्या आणि पहाटे घाईघाईने त्यांची तोंडं बांधली. काळी पिल्लांत गुंतलेली, त्यामुळे खोलीला आता धोका नाही अशी आमची समजूत होती. वनराजाच्या कोंबडीचा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. एक पेटी त्याने आपल्या साहेबांना दिली होती. साहेब शुद्ध शाकाहारी, घरात कांदासुद्धा बेताने. त्यांच्या मातोश्रींनी स्वतःच्या हाताने पेटी उघडली. साठ आंबे निघाले, आणि मधोमध एक अंडं, दापोलीहून मुंबईपर्यंत तडादेखील न जाता.

"मामा, साहेब रागावले नाहीत," भाचा म्हणाला. "फक्त विचारतायत, पेटीबरोबर हे द्यायची कोकणात पद्धत आहे का?"

पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला. "हो म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि त्यांना नको असलं, तर पेंढ्यासकट परत पाठव म्हणावं. ती कोंबडी आजपासून खुडूक आहे."